पॅरालिंपिक क्रीडासामने

शरीराने, दृष्टीने अथवा बुद्धीने अपंग असलेल्या खेळाडूंसाठी दर चार वर्षांनी, ऑलिंपिक सामन्यांच्या पाठोपाठ भरविण्यात येणारे आंतरराष्ट्रीय क्रीडासामने. उन्हाळी सामने १९६० पासून व हिवाळी सामने १९७६ पासून होत आले आहेत. ‘पॅरालिंपिक’ हा शब्द प्रथम ‘पॅराप्लेजिया’ म्हणजे अधरांगघात (कमरेखालील भागाचा पक्षाघात) आणि ‘ऑलिंपिक’ या दोन शब्दांच्या संयोगातून रूढ झाला. पुढे अन्य प्रकारचे अपंग खेळाडूही सामन्यांत येऊ लागले, तेव्हा ही व्युत्पत्ती अपुरी पडू लागली व त्यातील ‘पॅरा’ हे पद ‘शेजारचा’ वा ‘समांतर’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे, असे अधिकृतपणे सांगण्यात येऊ लागले. एका व्याधीच्या नावापासून ‘ऑलिंपिकच्या शेजारी’ या अर्थापर्यंतचा हा प्रवास म्हणजेच बहुतांशी या सामन्यांचा इतिहास होय. रुग्णालयात उपचार म्हणून सुरू झालेला खेळ केवळ खेळ म्हणून मान्य होण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली आणि त्या उपचाराची एक खूण, म्हणजे स्पर्धेपूर्वी होणारी शरीराची तपासणी, अद्यापि या सामन्यांच्या केंद्रस्थानी आहे.

अपंग व्यक्तींनी खेळात भाग घेण्याची उदाहरणे त्यापूर्वीही आढळतात. १९०४ च्या सेंट लूइस ऑलिंपिकमध्ये जॉर्ज आयझर या एक पाय लाकडी असलेल्या अमेरिकन व्यायामपटूने तीन सुवर्णपदकांसह सहा पदके मिळविली. हंगेरीच्या कारोली टाकाच या नेमबाजाचा उजवा हात हातबाँबच्या स्फोटात निकामी झाल्यावर त्याने डाव्या हाताने सराव केला व १९४८ मध्ये लंडनला सुवर्णपदक पटकाविले. मात्र ही एकेकट्या व्यक्तींची कर्तबगारी होती. संघटित प्रयत्नांत पहिला मान कर्णबधिरांकडे जातो. फ्रान्समधील यूजीन रूबेन्स-अल्के यांच्या पुढाकाराने ऑगस्ट १९२४ मध्ये पॅरिस येथे नऊ देशांतील कर्णबधिर खेळाडूंचे सामने झाले. ती परंपरा पुढे ‘डेफलिंपिक’ या नावाने स्वतंत्रपणे चालू राहिली व कर्णबधिरांच्या संघटनेने पॅरालिंपिकपासून वेगळे राहणेच पसंत केले. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी १९६८ मध्ये शिकागो येथे सुरू झालेले ‘स्पेशल ऑलिंपिक’ सामनेही निराळे आहेत. त्यांत भर पदकांपेक्षा सहभागावर असतो. सर्वसामान्य वाचक या तिन्हींची पुष्कळदा गल्लत करतात.

पॅरालिंपिक सामन्यांचा उगम इंग्लंडमधील बकिंगहॅमशर परगण्यात, एल्झबरी गावाजवळच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात झाला आणि त्याचे श्रेय लूटव्हिख गुटमान (१८९९–१९८०) या मज्जाशस्त्रज्ञाला दिले जाते. गुटमान हे वरच्या सायलीशियातील टोस्ट (आता पोलंडमधील टोशेक) येथील ज्यू कुटुंबात जन्मले. ब्रेस्लाऊ येथे ओटफ्रीट फर्स्टर यांच्या हाताखाली काम करून त्यांनी मज्जाशस्त्रक्रियेत नाव मिळविले. नाझी राजवटीने १९३३ मध्ये ज्यू वैद्यांना सार्वजनिक रुग्णालयांतून काढून टाकले, तेव्हा ते ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयात गेले व पुढे त्याचे प्रमुख झाले. नोव्हेंबर १९३८ मधील ज्यूविरोधी हिंसाचाराच्या रात्री रुग्णालयात आश्रयाला येईल त्या प्रत्येकास दाखल करून घेण्याची आज्ञा त्यांनी दिली आणि दुसऱ्या दिवशी गेस्टापोच्या अधिकाऱ्यांसमोर एकेका व्यक्तीच्या आजाराचे कारण सांगून बहुतेकांना वाचविले. मार्च १९३९ मध्ये ते कुटुंबासह इंग्लंडला पोहोचले. खाटेवर असलेल्या माणसाच्या वतीने अधिकाऱ्यांशी भांडण्याची सवय त्यांना तेथे पुन्हा उपयोगी पडली.

मेरुरज्जूला इजा झालेल्या रुग्णाविषयी त्या काळी वैद्यांनी आशा सोडलेली असे. पहिल्या महायुद्धात अशा सैनिकांपैकी बहुसंख्य काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावले. मृत्यूचे कारण मूळ इजा हे क्वचितच असे. एका कुशीवर पडून राहिल्याने होणारे शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांमुळे ते मरत. तरुणपणी कोळशाच्या खाणीत पाठ मोडलेला एक धट्टाकट्टा मजूर पाच आठवड्यांत मरताना गुटमान यांनी पाहिला होता. दुसऱ्या महायुद्धात यूरोपवर स्वारी करण्यापूर्वी जखमींची व्यवस्था म्हणून ब्रिटिश सरकारने स्टोक मँडेव्हिल येथे मेरुरज्जू-इजा केंद्र उघडण्याचे ठरविले व ते गुटमान यांच्याकडे सोपविले. १ फेब्रुवारी १९४४ रोजी ते सुरू झाले. त्यांचा मुख्य उपाय ऐकण्यास अत्यंत साधा होता : दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, रुग्णाची कूस बदलायची. रात्रपाळीच्या परिचारिका हे करतात की नाही, हे पाहण्यासाठी ते स्वतः अवेळी फेरी मारीत. रुग्ण जगू लागले आणि मग दुसराच प्रश्न उभा राहिला. विशी-पंचविशीचा, कमरेखाली हालचाल नसलेला तरुण जगला, तर त्याने उरलेली वर्षे काय करावयाची?

काम आणि खेळ ही गुटमान यांची दोन उत्तरे होती. रुग्णांना सुतारकाम, घड्याळदुरुस्ती यांसारखे उद्योग देण्यात आले. खेळाची सुरुवात चाकांच्या खुर्चीत बसून काठ्यांनी खेळावयाच्या एका प्रकारच्या पोलोने झाली. तो फार धसमुसळा ठरल्याने सोडून देण्यात आला व त्याची जागा नेटबॉलने आणि पुढे बास्केटबॉलने घेतली. तिरंदाजीला मात्र प्रथमपासून विशेष स्थान होते. धनुष्य ओढताना खांदे, दंड व पाठीचा वरचा भाग यांचे स्नायू बळकट होतात आणि अधरांगघात झालेल्यास तोल सांभाळण्यासाठी नेमके तेच लागतात. शिवाय लक्ष्यासमोर खुर्चीत बसलेला आणि पायांवर उभा असलेला तिरंदाज यांच्यात फारसा फरक राहत नाही. १९८४ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडच्या नेरोली फेअरहॉल यांनी खुर्चीत बसून तिरंदाजीत भाग घेतला, तेव्हा हे प्रत्यक्षच सिद्ध झाले.

२९ जुलै १९४८ रोजी लंडन येथे ऑलिंपिक सामन्यांचे उद्‌घाटन होत होते. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १४ पुरुष आणि २ स्त्रिया यांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. एक संघ रुग्णालयाचा होता व दुसरा रिचमंड येथील जायबंदी सैनिकांच्या स्टार अँड गार्टर या आश्रमाचा. हा दिवस योगायोगाने निवडलेला नव्हता. पुढच्याच वर्षी गुटमान यांनी या सामन्यांना अपंगांच्या जगात ऑलिंपिकसारखे स्थान मिळेल, अशी आशा बोलून दाखविली. १९५२ मध्ये नेदर्लंड्समधील माजी सैनिकांचा संघ आला व सामने आंतरराष्ट्रीय झाले. १९५६ मध्ये मेलबर्न येथे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ऑलिंपिक तत्त्वाच्या सेवेबद्दल स्टोक मँडेव्हिल सामन्यांना फर्नली चषक दिला.

रोमच्या ऑलिंपिकनंतर सप्टेंबर १९६० मध्ये तेथे सामने झाले, ते मागाहून पहिले पॅरालिंपिक गणले गेले. इटालियन वैद्य अँतोनिओ माल्यो यांनी त्यांसाठी खटपट केली होती. २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू आले. सर्व चाकांच्या खुर्चीतील होते. आठ खेळांत स्नूकरचा व तिरंदाजी आणि डार्ट यांच्या मिश्रणातून केलेल्या एका खेळाचाही समावेश होता. निवासासाठी मिळालेल्या ऑलिंपिक ग्रामातील इमारती खांबांवर उभारलेल्या असल्याने खेळाडूंना वर चढविण्यासाठी इटालियन सैनिकांची मदत घ्यावी लागली. अपघातात अधरांगघात होऊन जेमतेम वर्ष झालेल्या मार्गारेट मॉघन यांनी तिरंदाजीत ब्रिटनला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१२ मध्ये लंडनच्या सामन्यांची ज्योत त्यांच्याच हस्ते प्रज्वलित झाली.

यानंतर १९६४ च्या टोकिओ सामन्यांचा परिणाम सर्वांत दूरगामी ठरला. ‘पॅरालिंपिक’ हे नाव तेथेच लोकांच्या तोंडी बसले. स्टोक मँडेव्हिल येथे शिकून गेलेले शल्यचिकित्सक युताका नाकामुरा यांनी जपानमध्ये रुग्णांचे खेळ सुरू केले, तेव्हा रुग्णांना लोकांपुढे प्रदर्शनास मांडले जात असल्याची टीका त्यांना सोसावी लागली. सामन्यांना युवराज आकिहितो व युवराज्ञी मिचिको आवर्जून उपस्थित राहिले. जपानी खेळाडूंपैकी बहुतेक जण रुग्णालयांतून आणि पुनर्वसन केंद्रांतून आलेले होते. पाहुणे खेळाडू मात्र नोकरी करणारे, स्वतःच्या कमाईवर संसार चालविणारे आणि सामने संपल्यावर बाजारहाट करण्यास बाहेर पडणारे होते. पदकतालिकेपेक्षा हा फरक जपानी लोकांच्या अधिक लक्षात राहिला. नाकामुरा यांनी १९६५ मध्ये बेप्पू येथे ‘ताइयो नो इए’ (सूर्याचे घर) ही अपंगांना रोजगार देणारी संस्था स्थापन केली व तीत पुढे मोठमोठ्या उद्योगसमूहांनी कारखाने काढले.

यजमान नगरीने ऑलिंपिकबरोबर हे सामनेही घ्यावेत, असा दंडक तेव्हा नव्हता आणि त्यामुळे पुढील वीस वर्षे सामन्यांना दारोदार फिरावे लागले. १९६८ मध्ये मेक्सिको सिटीने नकार दिल्यावर ते इझ्राएलमध्ये तेल आवीव्हनजीक रामात गान येथे झाले. १९७२ मध्ये म्यूनिकऐवजी हायडलबर्ग व १९७६ मध्ये माँट्रिऑलऐवजी टोराँटो अशी नगरे शोधावी लागली. टोराँटोला अवयव गमावलेले आणि दृष्टिहीन खेळाडू प्रथमच सामील झाले, परंतु वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या संघाला प्रवेश दिल्याने काही देशांनी अंग काढून घेतले. १९८० मध्ये मॉस्कोने सामने भरविले नाहीत. सोव्हिएट देशात अपंग नाहीतच, असे तेथील एका अधिकाऱ्याचे उत्तर सांगितले जाते. दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी सैनिक जायबंदी झालेल्या देशाने असे उत्तर द्यावे, यावर भाष्याची गरज नाही. सामने नेदर्लंड्समधील आर्नेम येथे झाले व सेरेब्रल पाल्सी असलेले खेळाडू त्यांत प्रथमच उतरले. त्याच वर्षी मार्चमध्ये गुटमान निवर्तले होते. १९८४ मध्ये तर चाकांच्या खुर्चीतील स्पर्धांचे यजमानपद घेतलेल्या इलिनॉय विद्यापीठाने पैशाअभावी काही महिने अगोदर माघार घेतली आणि त्या स्पर्धा ऐनवेळी स्टोक मँडेव्हिलच्या जुन्या मैदानावर घ्याव्या लागल्या. उरलेल्या न्यूयॉर्कजवळ झाल्या.

दक्षिण कोरियातील सेऊल येथे १९८८ मध्ये हा वनवास संपला. ऑलिंपिकसाठी बांधलेली मैदाने, तलाव व प्रेक्षागारे अपंग खेळाडूंना प्रथमच वापरावयास मिळाली आणि साठ देशांचे तीन हजारांवर खेळाडू आले. २२ सप्टेंबर १९८९ रोजी ड्युसेलडॉर्फ येथे आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समिती स्थापन झाली. कॅनडाचे रॉबर्ट स्टेडवर्ड तिचे पहिले अध्यक्ष होत. तिचे मुख्यालय १९९९ पासून बॉन येथे आहे. तोपर्यंत खुर्चीतील खेळाडू, दृष्टिहीन, अवयव गमावलेले व सेरेब्रल पाल्सी असलेले खेळाडू यांच्या निरनिराळ्या आंतरराष्ट्रीय संघटना होत्या आणि त्या बव्हंशी वैद्यांच्या व हितचिंतकांच्या हाती होत्या. राष्ट्रीय समित्यांनी बनलेल्या नव्या समितीत खेळाडूंचा आवाज वाढला. २००१ मध्ये स्टेडवर्ड यांच्यानंतर निवडून आलेले फिलिप क्रेव्हन हे स्वतः खुर्चीतून बास्केटबॉल खेळलेले होते. त्याच वर्षी ऑलिंपिक समितीशी झालेल्या करारामुळे ऑलिंपिकचे यजमानपद मिळविणाऱ्या नगरीवर पॅरालिंपिकचीही जबाबदारी आली.

वर्गीकरण : विजय अपंगत्वाच्या कमीअधिकपणावर नव्हे, तर कौशल्यावर ठरावा, यासाठी खेळाडूंचे वर्ग पाडतात. मुष्टियुद्धातील वजनगटांशी याची तुलना केली जाते, परंतु ती पुरेशी नाही. वजन तराजू सांगतो, येथे माणसाला निर्णय द्यावा लागतो. प्रारंभीची पद्धत निव्वळ वैद्यकीय होती. मेरुरज्जूची इजा कोणत्या मणक्याजवळ आहे, यावरून वर्ग ठरे व तोच वर्ग सर्व खेळांना लागू असे. अपंगत्वाचे प्रकार वाढले, तशी वर्गांची संख्या बेसुमार वाढली. सेऊल येथे सातशेहून अधिक सुवर्णपदके वाटण्यात आली आणि काही शर्यतींत मोजकेच स्पर्धक उरले. खुर्चीतील बास्केटबॉलने यातून वेगळी वाट काढली. तेथे खेळाडूची तपासणी खाटेवर न करता मैदानावर करतात. तो किती वाकू शकतो, चेंडू अडविताना तोल कसा सावरतो, हे पाहून त्याला १.० ते ४.५ गुण देतात आणि मैदानावरील पाचही जणांच्या गुणांची बेरीज १४ च्या वर जाऊ देत नाहीत. त्यामुळे कमीत कमी हालचाल असलेल्या खेळाडूचीही संघाला गरज भासते. खेळातील कार्यक्षमतेवर आधारलेली ही पद्धत नव्वदीच्या दशकात अन्य खेळांतही आली. मैदानी स्पर्धांत वर्गाच्या संख्येपूर्वी धावण्यासाठी ‘टी’ व फेकी आणि उड्यांच्या प्रकारांसाठी ‘एफ’ हे अक्षर लावण्याची पद्धत पडली (पुढे उड्या ‘टी’कडे गेल्या), पोहण्यात ‘एस’ हे अक्षर वापरतात. ११ ते १३ हे वर्ग दृष्टिदोष असलेल्यांचे, ५१ ते ५७ हे बसून खेळणाऱ्यांचे, अशी साधारण मांडणी आहे. गोलबॉल आणि बोच्चा या दोन खेळांना मात्र ऑलिंपिकमध्ये जोडच नाही. त्यांपैकी गोलबॉल हा घंटी बसविलेल्या चेंडूचा खेळ १९४६ मध्ये युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी निघाला.

जेथे निर्णय माणसाचा, तेथे फसवणुकीला जागा राहते. २००० च्या सिडनी सामन्यांत बौद्धिक अपंगत्वाच्या गटात बास्केटबॉलचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या स्पॅनिश संघातील बारापैकी दहा खेळाडूंना कोणतेही अपंगत्व नसल्याचे उघडकीस आले. संघात शिरलेल्या एका पत्रकारानेच ते प्रसिद्ध केले. पदके काढून घेण्यात आली, पण शिक्षा झाली ती या गटातील खऱ्या खेळाडूंना. २०१२ पर्यंत पॅरालिंपिकची दारे त्यांना बंद राहिली. याहून चमत्कारिक प्रकार मेरुरज्जूच्या वरच्या भागात इजा झालेल्या काही खेळाडूंत आढळला. संवेदना नसलेल्या अवयवाला मुद्दाम इजा केल्यास अथवा मूत्राशय तुंबू दिल्यास त्यांचा रक्तदाब एकदम वाढतो व काही काळ अधिक जोर मिळतो. यात मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यू येण्याचा धोका असल्याने १९९४ मध्ये त्यावर बंदी घालण्यात आली. गुटमान यांनी ज्या गुंतागुंतींपासून रुग्णांना वाचविले, त्यांतीलच एक येथे विजयाचे साधन व्हावी, हे विचित्रच म्हटले पाहिजे.

फसवणूक नसतानाही वर्गीकरणाचा निर्णय एखाद्याची कारकीर्द घडवू वा मोडू शकतो. टोकिओ सामन्यांपूर्वी निकषांची फेरतपासणी झाली, तेव्हा वर्षानुवर्षे खुर्चीतील बास्केटबॉल खेळलेले काही जण पुरेसे अपंग नाहीत म्हणून अपात्र ठरले. त्याच सामन्यांत एका भारतीय थाळीफेकपटूने मिळविलेले कांस्यपदक, तो आपल्या वर्गात बसत नाही असा निर्णय झाल्याने रद्द करण्यात आले. एखादा वर्ग कार्यक्रमातून वगळला जाणे हेही तितकेच निर्णायक असते. राजस्थानच्या देवेंद्र झाझडिया यांनी २००४ मध्ये अथेन्स येथे एफ ४६ वर्गात ६२.१५ मी. भाला फेकून विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळविले. २००८ व २०१२ च्या सामन्यांत त्यांच्या वर्गाची भालाफेक ठेवलीच नव्हती. बारा वर्षे थांबून २०१६ मध्ये रीओ येथे, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांनी ६३.९७ मी. फेकीने ते पदक पुन्हा जिंकले.

भारत : भारताचा संघ प्रथम १९६८ मध्ये तेल आवीव्हच्या सामन्यांना गेला. त्यात सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत राजाराम पेटकर होते. भूदलाच्या विद्युत् व यांत्रिकी अभियंता विभागातील हा मुष्टियोद्धा १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात गोळ्या लागून कमरेखाली पंगू झाला. उपचाराचा भाग म्हणून त्याला पाण्यात उतरविण्यात आले. म्हणजे स्टोक मँडेव्हिलच्या इतिहासाचीच येथे पुनरावृत्ती झाली. तेल आवीव्हला पेटकर टेबल-टेनिस खेळले. १९७२ मध्ये हायडलबर्ग येथे ५० मी. मुक्त शैलीच्या शर्यतीत त्यांनी ३७.३३ सेकंदांत विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळविले. ऑलिंपिक वा पॅरालिंपिकमधील वैयक्तिक स्पर्धेत भारताला मिळालेले हे पहिले सुवर्णपदक होय. ऑलिंपिकमधील तसे पदक अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये मिळविले, तेव्हा पेटकरांचे नाव फार थोड्यांना आठवले.

१९८४ मध्ये जोगिंदरसिंग बेदी यांनी तीन व भालाफेकीत भीमराव केसरकर यांनी एक पदक मिळविले. त्यानंतर वीस वर्षे भारताला पदक नव्हते. भारतीय पॅरालिंपिक समितीच्या अंतर्गत कलहामुळे आंतरराष्ट्रीय समितीने तिला निलंबित करण्यापर्यंत वेळ आली. २०१६ अखेर भारताची सर्व सामन्यांतील पदके मिळून बाराच होती. सरकारी साहाय्य, परदेशी प्रशिक्षण व खासगी संस्थांचा पाठिंबा मिळू लागल्यावर चित्र झपाट्याने बदलले. महामारीमुळे २०२१ मध्ये झालेल्या टोकिओ सामन्यांत ५ सुवर्णपदकांसह १९ व २०२४ मध्ये पॅरिस येथे ७ सुवर्णपदकांसह २९ पदके भारताने मिळविली. नेमबाज अवनी लेखरा आणि भालाफेकपटू सुमित अंतिल यांनी दोन्ही सामन्यांत सुवर्णपदके जिंकली. पॅरिसला सांगली जिल्ह्यातीलच सचिन खिलारी यांनी एफ ४६ वर्गाच्या गोळाफेकीत १६.३२ मी. फेकीने रौप्यपदक पटकाविले. या सामन्यांची ज्योत स्टोक मँडेव्हिल येथे प्रज्वलित करून पॅरिसला नेण्यात आली होती.

पेटकर यांना २०१८ मध्ये ‘पद्मश्री’ देण्यात आली. त्यांच्या जीवनावरील चंदू चॅम्पियन हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. खेळाडूंना दिला जाणारा अर्जुन पुरस्कार, जीवनगौरव म्हणून, त्यांना जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे हायडलबर्गच्या शर्यतीनंतर बावन्न वर्षांनी, ऐंशी वर्षांचे असताना मिळाला.